सहा सामन्यांची शिक्षा

परवा भाच्याचा फोन आला. अमेरिकेत शिकायला जाऊन त्याला आता वर्ष होत आलंय. अभ्यास, स्वयंपाक, थंडी हे नेहमीचे विषय झाल्यावर म्हणाला, "आत्या, आमच्या कॉलेजच्या टीममधल्या एकाला पोलिसांनी पकडलंय. मारहाणीची केस आहे. आणि इथे सगळे एकच विचारतायत, शनिवारी तो खेळणार का?"

मी विचारलं, "अरे, पण ज्याला मार बसला तो कसा आहे?"

तो जरा थांबला. "ते कुणालाच माहीत नाही गं."

फोन ठेवल्यावरही हे वाक्य डोक्यातून जाईना. कारण 'शनिवारी खेळणार का' हा प्रश्न मी आधी ऐकलेला होता. म्हणजे वाचलेला होता. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात १९९५ साली जे घडलं त्याबद्दल मी कधीतरी वाचायला घेतलं आणि मग जे मिळेल ते वाचत गेले. भाच्याला फोनवर सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. तो वाचेलच, तुम्हीही वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, प्रेक्षकांत खेळाडूंचे चार मित्र आणि एक कंटाळलेले क्रीडाशिक्षक. नेब्रास्कात तसं नाही. राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा संघच नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ तोच राज्याचा संघ. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा.) १९९५ च्या सुमाराला अख्ख्या राज्याची लोकसंख्या सतरा लाखांच्या आत, आणि लिंकन गावातल्या मेमोरियल स्टेडियममध्ये एका सामन्याला सत्तर हजारांच्या वर माणसं! १९६२ पासून तिथला प्रत्येक सामना हाऊसफुल्ल धरला जातो. म्हणजे आजीने आणि नातवाने एकाच स्टेडियममध्ये, त्याच लाल रंगाच्या कपड्यांत आरडाओरडा केलेला असतो. अशा ठिकाणी संघाचा कोच हा कुलगुरूंपेक्षा मोठा माणूस असतो, यात नवल नाही.

हा कोच होता टॉम ऑस्बोर्न. १९७३ पासून संघ त्याच्याकडे. शांत, देवभक्त, शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला. शाळकरी मुलांना एकेक मोठं माणूस मार्गदर्शक म्हणून मिळावं, यासाठी त्याने आणि त्याच्या बायकोने १९९१ मध्ये एक उपक्रम सुरू केला होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढची गोष्ट ऐकताना त्याला खलनायक करून टाकण्याचा मोह होतो. तो खलनायक नव्हता. तो नव्हता म्हणूनच ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या संघात लॉरेन्स फिलिप्स नावाचा एक रनिंग बॅक होता. रनिंग बॅकचं काम म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीतून वाट काढत पळायचं. फिलिप्सचं बालपण वाईट गेलेलं. बाप नाही, घर धड नाही, आणि मग लॉस एंजेलिसजवळ निराधार मुलांसाठी असलेल्या एका निवासात वाढला. तिथून फुटबॉलने त्याला उचललं आणि नेब्रास्कात आणलं. १९९४ च्या हंगामात त्याने १,७२२ यार्ड पळून काढले आणि संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. इतकी वर्षं कोच असूनही ऑस्बोर्नचं ते पहिलंच. १९९५ मध्ये तर देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून फिलिप्सचं नाव घेतलं जात होतं.

९ सप्टेंबर १९९५ ला, शनिवारी, मिशिगन स्टेटविरुद्ध त्याने २०६ यार्ड काढले आणि चार टचडाउन केले. त्याच रात्री, म्हणजे रविवारच्या पहाटे, तो एका इमारतीची बाहेरची बाजू चढून तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथे त्याची पूर्वीची मैत्रीण होती, संघातल्याच दुसऱ्या एका खेळाडूच्या घरी. फिलिप्सने तिला मारहाण केली आणि केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत नेलं.

ती मुलगीही त्याच विद्यापीठाची खेळाडू होती. बास्केटबॉल खेळायची. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

ऑस्बोर्नने आधी फिलिप्सला संघातून काढल्याचं जाहीर केलं. मग काही दिवसांतच भाषा सौम्य झाली. दार किलकिलं राहिलं, आणि हकालपट्टीचं निलंबन झालं. कोर्टात फिलिप्सने 'नो कंटेस्ट' केलं, म्हणजे गुन्हा कबूलही केला नाही आणि लढवलाही नाही. त्याला वर्षभराचं प्रोबेशन मिळालं. विद्यापीठाच्या शिस्तपालन विभागानेही आपली चौकशी केली आणि समुपदेशनासारख्या अटी घालून त्याला विद्यार्थी म्हणून राहू दिलं. आणि सहा सामने बाहेर बसल्यावर ४ नोव्हेंबरला, आयोवा स्टेटविरुद्ध, फिलिप्स पुन्हा मैदानात उतरला.

देशभर टीका झाली. वर्तमानपत्रांनी, टीव्हीवाल्यांनी एकच आरोप केला: अजिंक्यपदासाठी कोचने मुलाला परत घेतलं. पण आकडे पाहिले की हा आरोप तितकासा टिकत नाही. फिलिप्स नसतानाचे सहाही सामने नेब्रास्काने जिंकले होते, आणि तेही कसे, ॲरिझोना स्टेटविरुद्ध तर ७७ गुण करून! त्याच्या जागी आलेला आमान ग्रीन हा पहिल्या वर्षाचा मुलगा धो धो धावत होता. संघाला फिलिप्सची गरज नव्हती.

ऑस्बोर्नचं म्हणणं वेगळंच होतं. या मुलाच्या आयुष्यात फुटबॉलखेरीज दुसरी चौकट नाही, असं तो सांगत होता. रोजची सरावाची वेळ, वर्ग, कोचची नजर, सोबतीची मुलं. हे काढून घेतलं तर तो कुठे जाईल? ज्याला सगळ्यांनी सोडलं त्याला आपणही सोडायचं का?

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते पटलं होतं. खरंच पटलं. आपणही असंच बोलतो ना? 'शाळेतून काढून टाकलं तर पोरगं वायाच जाईल' हे वाक्य कुठल्या घरात झालेलं नाही?

२ जानेवारी १९९६ ला ॲरिझोनात फिएस्टा बोल हा अंतिम सामना झाला. नेब्रास्काने फ्लोरिडाला ६२-२४ असं धुतलं. फिलिप्स सुरुवातीपासून खेळला, १६५ यार्ड पळाला, तीन टचडाउन केले. नेब्रास्काचं हे लागोपाठ दुसरं अजिंक्यपद. एप्रिलमध्ये सेंट लुईस रॅम्स या व्यावसायिक संघाने सगळ्या देशातून सहाव्या क्रमांकावर त्याला निवडलं.

त्याच निवडीत नेब्रास्काच्या आणखी एका खेळाडूची गोष्ट घडली. त्याच्यावर बायकांशी गैरवर्तनाचे गुन्हे नोंदलेले होते, तरी तो अजिंक्य संघाचा सहकर्णधार होता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला पाचव्या फेरीत निवडलं, आणि त्याचा इतिहास बाहेर आल्यावर काही दिवसांतच त्याच्यावरचा हक्क सोडून दिला. ज्यांचा धंदाच फुटबॉल आहे त्यांना जे परवडलं नाही, ते विद्यापीठाला चाललं होतं!

फिलिप्सचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात रस घेण्यासारखं काही नाही. १९९७ च्या हंगामातच रॅम्सने त्याला काढलं. मग एकेक संघ, एकेक भांडण. २००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मैदानावरच्या एका साध्या सामन्यात बिनसलं म्हणून त्याने तीन मुलांवर गाडी घातली. त्याआधीचा, सॅन डिएगोमधल्या एका मैत्रिणीला मारहाण करून गळा दाबल्याचा गुन्हाही होता. दोन्ही मिळून तीस वर्षांच्या वर शिक्षा. २०१५ मध्ये तुरुंगातल्या त्याच्या खोलीतला कैदी मेलेला सापडला आणि फिलिप्सवर खुनाचा आरोप ठेवला गेला. १३ जानेवारी २०१६ ला तो स्वतःच कोठडीत मेलेला सापडला. आत्महत्या. वय चाळीस.

'बघा, ऑस्बोर्न चुकला', असं आता म्हणणं सोपं आहे. पण मी तसं म्हणणार नाही. संघातून कायमचं काढलं असतं तर फिलिप्स सुधारला असता की आणखी लवकर बुडाला असता, हे कुणाला सांगता येईल? शेवट वाईट झाला म्हणून मधला निर्णय चूक, हा तर्क बरोबर नाही. निर्णय त्या दिवशी काय माहीत होतं त्यावर तपासायला हवा.

आणि त्या दिवशी काय माहीत होतं? एक, की या मुलाला आधार हवा. दोन, की त्याने एका मुलीला केसांना धरून जिन्यावरून ओढलं आहे. ऑस्बोर्नने पहिल्या गोष्टीचा मनापासून विचार केला. पण आधार आणि जर्सी या दोन गोष्टी त्याने एकच मानल्या. शिष्यवृत्ती चालू ठेवता आली असती. समुपदेशन, वर्ग, राहायची सोय, अगदी कोचने रोज तासभर समोर बसवून बोलणं, हे सगळं सत्तर हजार लोकांच्या टाळ्यांशिवाय देता आलं असतं. त्याला विद्यार्थी म्हणून राहू द्यायचं हे विद्यापीठाने ठरवलंच होतं. फिएस्टा बोल ही चौकट नव्हे, ते बक्षीस होतं. ऑस्बोर्नच्या दुकानात दोन्ही एकाच पुडीत बांधून मिळत होतं, म्हणून त्याला ते सुटं करता येईल हे दिसलंच नसावं.

आणि ती मुलगी? तीही त्याच आवारात राहणारी, त्याच विद्यापीठासाठी घाम गाळणारी खेळाडू. तिचीही एक चौकट असणार: सराव, वर्ग, मैत्रिणी, रात्री एकटीने खोलीवर परतणं. फिलिप्सच्या चौकटीवर देशभर चर्चा झाली. तिच्या चौकटीचं काय झालं, हा प्रश्न त्या चर्चेत औषधालाही सापडत नाही. 'ते कुणालाच माहीत नाही गं.' भाच्याचं वाक्य मला टोचलं ते यासाठी.

मग मनात येतं, वर कुणी नियम करणारं नव्हतं का? होतं की. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था, एनसीएए. नियमांची तिची पोथी भली जाडजूड. पण त्या पोथीचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता: खेळाडूने पैसे घेतले का? २०१० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःची जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं. त्याच वर्षी ओहायो स्टेटच्या पाच जणांना, आपल्या वस्तू विकल्या आणि त्या बदल्यात टॅटू काढून घेतले म्हणून, पुढच्या हंगामातल्या पाच सामन्यांची बंदी. मारहाण, बलात्कार यांचा आरोप असलेल्या खेळाडूला खेळवायचं की नाही हे मात्र ज्या त्या विद्यापीठावर सोडलेलं, आणि विद्यापीठाने बहुतेकदा कोचवर. म्हणजे जर्सी विकली तर चार सामने, टॅटू काढले तर पाच, आणि मुलीला जिन्यावरून ओढलं तर सहा! मजा म्हणजे (मजा कसली!) जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायला एनसीएएनेच परवानगी दिली. ज्यासाठी मुलांना शिक्षा केल्या ते आता राजरोस चालतं.

एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल, मग कडक व्हा. आरोप झाला की काढा बाहेर. मलाही वाटलं होतं. पण मग २००६ चं ड्यूक विद्यापीठाचं प्रकरण समोर येतं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या या नामांकित विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघाने मार्च २००६ मध्ये एका घरी पार्टी केली. लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ. पार्टीत नाचायला बोलावलेल्या एका बाईने बलात्काराचा आरोप केला. ती कृष्णवर्णीय आणि विद्यार्थिनी, मुलं बहुतेक सगळी गोरी आणि सुखवस्तू. साऱ्या देशाने निकाल देऊन टाकला. ५ एप्रिलला विद्यापीठाने उरलेला हंगाम रद्द केला, कोचने राजीनामा दिला. तिघांवर गुन्हे दाखल झाले. आणि वर्षभराने, ११ एप्रिल २००७ ला, राज्याच्या ॲटर्नी जनरलने तिघेही निर्दोष असल्याचं जाहीर केलं. 'पुरावा अपुरा' नव्हे, निर्दोष. मुलांच्या बाजूचा डीएनए पुरावा सरकारी वकिलाने दडवला होता. त्याची सनद गेली. २०२४ मध्ये त्या बाईनेही आपण खोटं बोललो होतो हे जाहीरपणे मान्य केलं.

म्हणजे नेब्रास्कात गुन्हा झाल्याबद्दल फारसा वाद नव्हता, तरी खेळाडू परतला. ड्यूकमध्ये गुन्हाच झालेला नव्हता, तरी संघ बुडाला. एकीकडे ढिलाई, दुसरीकडे घाई. पण मला दोन्हींत एक गोष्ट सारखी दिसते. दोन्ही ठिकाणी निर्णय घेणाऱ्याचे कान बाहेरच्या गर्दीकडे किंवा आतल्या मायेकडे लागलेले होते. समोरचं प्रकरण शांतपणे ऐकून घेणारं, ज्याला शनिवारच्या सामन्याशी काही देणंघेणं नाही असं कुणी मधे नव्हतंच.

बेलर विद्यापीठाच्या प्रकरणात तर हे काळ्यावर पांढरं लिहून आलं. टेक्सासमधलं हे धार्मिक वळणाचं विद्यापीठ. फुटबॉल खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराचे आरोप एकामागून एक बाहेर आले, तेव्हा बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवली गेली. मे २०१६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. फुटबॉल विभागाने शिस्तीची स्वतःचीच वेगळी व्यवस्था चालवली होती. तक्रारी विद्यापीठाच्या शिस्तपालन विभागाकडे पाठवण्याऐवजी विभागातलीच माणसं परस्पर विचारपूस करत, आणि तक्रार करणाऱ्या मुलींवरच अविश्वास दाखवत. कोच आर्ट ब्राइल्सला जावं लागलं. अध्यक्षपदही गेलं, आणि ते होतं केनेथ स्टारचं. क्लिंटन-मोनिका प्रकरणाची चौकशी करणारा तोच तो स्टार. राष्ट्राध्यक्षांच्या खासगी आयुष्याचा शोध घेणाऱ्याला स्वतःच्या आवारात काय चाललंय ते दिसलं नाही. असो.

अलीकडचं एक प्रकरण सांगून संपवते. इलिनॉय विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू टेरेन्स शॅनन याच्यावर कॅन्ससमध्ये बलात्काराचा गुन्हा दाखल झाला आणि डिसेंबर २०२३ च्या शेवटी विद्यापीठाने त्याला निलंबित केलं. तो कोर्टात गेला. जानेवारीत फेडरल न्यायाधीशांनी निलंबनाला तात्पुरती स्थगिती दिली. विद्यापीठाने त्याला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी दिलेली नाही, आणि सामने बुडाल्याने त्याचं होणारं नुकसान नंतर भरून येणार नाही, असं प्रथमदर्शनी त्यांना वाटलं. तो परत खेळू लागला, जून २०२४ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं, आणि त्याच महिन्यात तो एनबीएमध्ये निवडला गेला. त्याचे बुडालेले सामने किती? सहा! हा आकडा पाहून मी क्षणभर थबकलेच. फिलिप्सइतकेच.

तेच सहा सामने. एकासाठी फार थोडे, दुसऱ्यासाठी सहाही जास्त. म्हणून किती सामने हा प्रश्नच मला आता दुय्यम वाटतो.

मला उमगलं ते एवढंच. आरोप झाल्यावर काही दिवस बाजूला बसवणं ही शिक्षा नव्हे, ती खबरदारी आहे, पण मग त्या दिवसांत त्याचं आणि तिचं, दोघांचंही म्हणणं लवकर आणि नीट ऐकायला हवं. ऐकणारा माणूस कोच नको. कोच वाईट असतो म्हणून नव्हे, ऑस्बोर्नसारखा चांगला असला तरी नको. ज्या मुलाला आपण घरून हट्टाने आणलं, ज्याच्या आईला किंवा आजीला 'मी सांभाळीन' असं सांगितलं, त्याचा न्याय आपल्या हातून होत नाही. आपल्याकडेही घरातल्या भांडणाचा निवाडा मोठ्या भावाने केला की तो ज्याच्या त्याच्या मायेप्रमाणेच होतो, हे आपण पाहिलेलं आहे. आणि गुन्हा ठरलाच, तर मुलाला आधार जरूर द्यावा, अगदी हात धरून ठेवावं. जर्सी मात्र परत मागून घ्यावी.

हे लिहून झाल्यावर भाच्याला फोन केला. शनिवार होऊन गेला होता. तो पकडलेला खेळाडू खेळला की नाही, हे मी विचारलं नाही. त्यानेच आपणहून सांगितलं, "आत्या, मार बसलेला मुलगा आमच्याच डिपार्टमेंटचा निघाला. हात मोडलाय. आम्ही तिघं-चौघं भेटून आलो. नोट्स देणार आहोत त्याला."

बरं वाटलं.